वाचकांचे प्रश्न : जुन्या मियाटाचा खुळखुळणारा गिअर

प्रश्न : माझ्याकडे 1992 सालची, 1.6 लिटर इंजिनाची आणि पाच गिअरची माझदा मियाटा ही दोन आसनी स्पोर्ट्स गाडी आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तिचा गिअरचा दांडा गिअरमध्ये असतानाही खुळखुळतो आणि त्यावर हात ठेवला की आवाज थांबतो. दांड्याच्या बाजूने गरम हवा आत येते. थंडीत सकाळी दुसरा गिअर टाकताना कधी कधी खरखर होते. येथील एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागेल, असे सांगण्यात आले. ते खरोखर आवश्यक आहे का? की दांड्याखालचा प्लास्टिकचा बुश बदलून भागेल, आणि ते काम घरी करता येईल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपण लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन गिअरबॉक्सच्या नाहीत, एवढे आपल्या वर्णनावरून निश्चित सांगता येते. तिसरीचा विचार वेगळा करावा लागेल. परंतु पहिल्या दोन दूर केल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवण्यास मी आपल्याला मुळीच सांगणार नाही.

1989 ते 1997 या काळात तयार झालेल्या पहिल्या पिढीच्या मियाटात गिअरचा दांडा कोणत्याही केबलच्या किंवा लांब सळईच्या मदतीने काम करत नाही. तो थेट गिअरबॉक्सच्या मागील भागावर, एका लहानशा उभ्या घरात, म्हणजे धातूच्या कप्प्यात, बसवलेला असतो, आणि या गाडीचा गिअर इतका नेमका पडतो याचे मोठे श्रेय याच रचनेला आहे. दांड्याच्या अगदी खालच्या टोकाला एक गोळा असतो आणि त्यावर वाटीसारखा प्लास्टिकचा बुश चढवलेला असतो. उष्णतेने हा बुश पिवळा पडतो, कडक होतो आणि शेवटी त्याच्या कडेला चीर जाते. मग धातूवर धातू वाजू लागतो आणि दांड्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. हात ठेवल्यावर आवाज थांबतो तो त्यामुळेच.

त्याच जागी दोन रबरी बूट, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी आवरणे, असतात, आणि माझ्या मते बुशापेक्षा त्यांच्याकडेच अधिक लक्ष द्यायला हवे. वरचा मोठा बूट गाडीच्या तळाचे छिद्र झाकतो. तो फाटला की गिअरबॉक्सची आणि सायलेन्सरच्या पाइपाची उष्णता सरळ आत शिरते, जे आपल्याकडे घडत आहे. खालचा लहान बूट त्या उभ्या घरातील ऑइल आत राखतो. हे ऑइल गिअरबॉक्सच्या मुख्य ऑइलपेक्षा वेगळे असते, जेमतेम 80 ते 95 मिलिलिटर, आणि मुख्य ऑइल नियमाने बदलणारी माणसेही ते बदलायचे विसरतात. खालचा बूट फाटलेल्या गाडीत ते घर बहुधा कोरडे पडलेले किंवा तळाशी काळ्या चिखलाचा थर साचलेले आढळते. अशा घरात नवा बुश घातला तरी तो टिकणार नाही. म्हणून बुश आणि दोन्ही बूट एकदमच मागवावेत.

काम घरी, गाडी वर न उचलता, आतूनच करता येते. गाडी सपाट जागी उभी करून पूर्ण थंड होऊ द्यावी, हँडब्रेक ओढावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. दांड्याची मूठ उलटी फिरवली की निघते. त्यानंतर मधल्या कन्सोलचे स्क्रू काढून तो उचलावा. काचांची बटणे कन्सोलवर असल्यास त्यांची वायर आधी सोडवावी, नाहीतर ती ताणली जाते. वरचा बूट 10 च्या पान्याने लागणाऱ्या चार बोल्टांनी धरलेला असतो आणि त्याखालची, लहान बुटासह असलेली चकती तशाच तीन बोल्टांनी. चकती सोडवल्यावर दांडा सरळ वर ओढून काढावा. दांड्यावर थोडे वर असलेल्या दुसऱ्या गोळ्याभोवतीच्या चकत्या आणि स्प्रिंग कोणत्या क्रमाने बसल्या आहेत, याचा फोटो त्याच क्षणी घ्यावा.

यापुढची पायरी घाईत टाळली जाते. दांड्याच्या टोकावर जुना बुश अर्धाच दिसला, तर उरलेले तुकडे खाली ऑइलमध्ये पडलेले असतात. सिरिंजला बारीक नळी लावून सगळे जुने ऑइल ओढून घ्यावे, तळ स्वच्छ कापडाने पुसावा आणि प्लास्टिकचा प्रत्येक कण चिमट्याने बाहेर काढावा. मधल्या वेळात त्या घराच्या उघड्या तोंडावर कापड ठेवावे, कारण आत पडलेला एक बोल्ट सगळे सोपे काम अवघड करतो.

नवा बुश थोडे ग्रीस लावून गोळ्यावर घट्ट दाबून बसवावा, घरात 75डब्ल्यू-90 श्रेणीचे, जीएल-4 दर्जाचे ताजे गिअर ऑइल भरावे आणि दांडा सरळ खाली उतरवावा. बोल्ट अॅल्युमिनियमात बसतात, तेव्हा ते बेताने आवळावेत. बाजारात पितळेचे बुशही मिळतात. रोजच्या वापराच्या गाडीला मी मूळ प्रकारचा प्लास्टिकचाच बुश सुचवीन, कारण पितळ थरथर आत पोहोचवते आणि प्लास्टिक ती गिळते.

आता दुसऱ्या गिअरची खरखर. ती केवळ थंडीत आणि केवळ दुसऱ्याच गिअरला होत असेल, तर सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना चाकांचा वेग जुळवणारी कडी, थोडा झिजलेला असणे शक्य आहे, आणि तरीही पहिला उपाय गिअरबॉक्सचे मुख्य ऑइल बदलणे हाच आहे. ते 2 लिटर लागते. मात्र रिव्हर्स टाकतानाही आवाज होत असेल किंवा सगळेच गिअर जड पडत असतील, तर क्लच पुरता सुटत नाही, असे समजावे. या गाडीत क्लचचा खालचा, गिअरबॉक्सच्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा लहान सिलिंडर, गळण्याची खोड जुनी आहे. बॉनेट उघडून क्लच ऑइलची पातळी पाहावी आणि त्या सिलिंडरचे रबरी टोपण मागे सारून आत ओल आहे का तपासावे. ओल आढळली तर तो सिलिंडर आधी बदलावा. ऑइल नवे, क्लच निर्दोष आणि इंजिन गरम असतानाही दुसरा गिअर खरखरतच राहिला, तरच गिअरबॉक्स खोलण्याविषयी त्या गॅरेजशी बोलावे.