प्रार्थनेची काळजी, पेन्सिलीची काळजी

प्रश्न : ताई, वाशीतल्या एका खासगी ख्रिस्ती बालवाडीत तीन वर्षांच्या लेकीचं नाव घालायचंय. सासूबाईंना तिथल्या प्रार्थनेची काळजी, मला अभ्यासाची. काय करू?

उत्तर : प्रार्थनेचं बाईंना थेट विचारा. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांवर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. संविधानाचं कलम २८ तसं सांगतं. नौपाड्यात ३१ वर्षं बालवर्ग घेतला, मला धास्ती वाटते ती पेन्सिलीची. एवढ्याशा बोटांत बळ कुठलं? आधी कणीक मळू दे, मोठे मणी ओवू दे, वाळूत रेघोट्या मारू दे. किंडरगार्टन सुरू करणारा फ्रोबेल पाद्र्याचाच मुलगा. त्यानेही मुलांच्या हाती लोकरीचे चेंडू नि लाकडी ठोकळे दिले. गृहपाठ देत असतील तर नाव घालू नका. वर्गात तासभर बसा, रडणाऱ्या पोराला बाई जवळ घेतात का, बघा.