थंबर-टॉमहॉकसाठी डिस्क निवडताना

डिस्क गोल्फमधली (चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी फेकून बास्केटमध्ये पोहोचवायचा खेळ) तुमची अडचण मला कळली ती अशी: बॅकहँडला, म्हणजे अंगासमोरून आडव्या फेकायच्या नेहमीच्या थ्रोला, अजून अंतर मिळत नाही, पण चेंडू लांब फेकायची जुनी सवय असल्यामुळे थंबर, म्हणजे अंगठा डिस्कच्या रिमच्या (कडेच्या) आत लावून डोक्यावरून टाकायचा थ्रो, पहिल्याच आठवड्यात जमला. जवळ दोन डिस्क आहेत, एक लेपर्ड आणि एक 150 ग्रामच्या आसपासची हलकी डिस्ट्रॉयर. दोन्ही झकास वर चढतात, मग अर्ध्या वाटेतच कलंडतात आणि बाजूच्या झाडीत जातात. आता कुणीतरी सांगितलंय की स्पीड 13 ची बॉस ही डिस्क घ्या, आपोआप लांब जाईल. घ्यावी का?

माझं उत्तर: आत्ता नको. मी कितीतरी वर्षं ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरूनचे थ्रो, टाकतोय आणि सुरुवातीला स्पीडच्या मागे लागून बरेच पैसे घालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिस्कवर जे चार आकडे छापलेले असतात, स्पीड (वेग), ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (वेगात असताना एका बाजूला वळणं) आणि फेड (वेग कमी झाल्यावर शेवटी उलट बाजूला वळणं), ते आडव्या उडणाऱ्या डिस्कसाठी आहेत. थंबर किंवा टॉमहॉकमध्ये (तोही डोक्यावरूनचाच थ्रो, पकड फक्त वेगळी) डिस्क हातातून उभी सुटते. आडव्या डिस्कला हवा खालून उचलून धरते. उभ्या डिस्कवर तोच जोर बाजूला लागतो, वर नाही. म्हणजे पहिल्या टप्प्यात तुमची डिस्क जवळजवळ फेकलेल्या दगडासारखी जाते. ग्लाइड 5 असला काय आणि 3 असला काय, त्या टप्प्यात तो तुम्हाला उचलणार नाही, उलट बाजूला ढकलायला मदत करेल.

पुढे काय होतं ते एकदा बाजूला उभं राहून, दुसऱ्या कुणाला तरी टाकायला लावून बघाच. उभी डिस्क हळूहळू झुकते, वरची बाजू जमिनीकडे वळते आणि क्षणभर ती पूर्ण उलटी, सपाट तरंगते. अंतराचा मोठा वाटा या क्षणी मिळतो. मग ती तशीच पुढे वळत राहते, पुन्हा कडेवर येते आणि एका अंगाला सुटून खाली येते. ओव्हरहेडमधली सगळी कला म्हणजे हे कलंडणं कधी सुरू व्हावं ते ठरवणं. लवकर सुरू झालं की तुमच्यासारखं होतं: अर्ध्या वाटेतच डिस्क एका बाजूला सुटते. फारच उशिरा झालं तर उलटी तरंगायच्या आधीच ती कडेवर जमिनीत रुतते.

हे कलंडणं ओव्हरस्टेबल डिस्क (टर्न कमी, फेड जास्त) लांबवते आणि अंडरस्टेबल डिस्क (टर्न जास्त, फेड कमी) लवकर आणते. लेपर्डचे आकडे त्याच क्रमाने 6, 5, -2, 1 आहेत. नवशिक्याच्या बॅकहँडला ती फार चांगली, कारण कमी वेगातही सरळ जाते. पण तोच -2 टर्न थंबरमध्ये तुमच्या विरुद्ध काम करतो. डिस्ट्रॉयर तशी ओव्हरस्टेबल, पण 150 ग्रामची असल्यामुळे तिला जोरदार हात सोसत नाही आणि वाराही तिला हलवतो. म्हणजे तुमच्या हातात दोष असेलच असं नाही. दोन्ही डिस्क या कामासाठी नव्हत्याच.

घ्यायची झाली तर फायरबर्ड घ्या. आकडे 9, 3, 0, 4. वरून बरीच सपाट, ग्लाइड कमी, फेड भरपूर. डायनॅमिक डिस्क्स या कंपनीची फेलन जवळजवळ त्याच जातीची आहे, ती मिळाली तरी चालेल. सपाटपणावर माझा विशेष भर आहे. डिस्क टेबलावर ठेवून डोळे तिच्या पातळीला आणून बघा, किंवा तळहात वरून फिरवा. मधे घुमटासारखा फुगवटा जाणवला तर ती बॅकहँडला ठेवा. एकाच नावाच्या दोन डिस्कमध्येही हा फुगवटा कमी-जास्त असतो, म्हणून शक्य असेल तर हातात घेऊनच निवडा.

वजन 170 ते 175 ग्राम. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमात डिस्कच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्राम अशी मर्यादा आहे, म्हणून 21 सेंटिमीटरच्या आसपासचे ड्रायव्हर (लांब फेकायच्या डिस्क) 175-176 ग्रामवर थांबतात. त्या मर्यादेच्या जवळची घ्या. उभ्या डिस्कची अख्खी सपाट बाजू आडव्या वाऱ्याला सामोरी असते आणि हलकी डिस्क तो वारा पुरेपूर खाते. खांदा कमकुवत असेल किंवा टाकणारं लहान मूल असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हलकीच बरी.

आता अंगठ्याबद्दल, कारण याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. थंबरमध्ये अंगठा रिमच्या आत, आतल्या भिंतीला टेकलेला असतो आणि शेवटच्या क्षणी सगळा जोर त्याच्या पेराच्या बाजूने निघतो. एका दिवसात चाळीस थंबर टाकून बघा, त्या जागची कातडी लाल होते आणि दुसऱ्या दिवशी सोलते. दुखरा अंगठा नकळत लवकर सोडतो, आणि लवकर सोडलेला थंबर आभाळात जातो. म्हणून आतली भिंत अंगठ्याला पुरेल इतकी खोल हवी आणि तिच्यावर साच्याची धारदार रेघ राहिलेली नको. बोट फिरवून बघा, खरखर लागली तर दुसरी उचला. रिमची रुंदीही बघा. नियमाप्रमाणे ती 2.6 सेंटिमीटरपर्यंत चालते आणि स्पीड 13-14 च्या डिस्क त्या दिशेला सरकलेल्या असतात. लहान पंजाच्या माणसाची त्या रिमवर मूठ घट्ट बसत नाही, डिस्क थरथरत सुटते आणि वेग हवेतच मरतो. बॉस नको म्हणालो त्याचं निम्मं कारण हे. दुसरं, तिचा ग्लाइड 5 आणि टर्न -1. उंच आणि जोरात टाकणाऱ्याच्या हातात ती खरंच लांब जाते, पण तो माणूस कलंडण्याची वेळ आधीच ओळखून असतो.

प्लास्टिक महागातलं घ्या, इथे काटकसर करू नका. ओव्हरहेड डिस्क उंचावरून कडेवर आपटते, झाडाच्या बुंध्याला, दगडाला. स्वस्त, मऊ प्लास्टिकची कड काही दिवसांतच खरवडते आणि कड गेली की ओव्हरस्टेबलपणा जातो. तुम्ही तोच थ्रो टाकताय आणि डिस्क मात्र रोज थोडी आधी कलंडतेय, असं झालं की माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

टॉमहॉकचंही विचारलंय. डिस्क तीच चालेल. फरक पकडीत आहे: फोरहँडसारखी (अंगाच्या बाजूने, तळहात पुढे ठेवून टाकायचा थ्रो) दोन बोटं रिमच्या आत आणि अंगठा वर. फिरण्याची दिशा थंबरच्या उलट होते, म्हणून कलंडणं आणि शेवटचं सुटणंही उलट्या अंगाला होतं. दोन्ही येत असतील तर झाडांच्या भिंतीवरून डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना उतरता येतं. मला थंबर सरळ ठेवायला सोपा वाटतो, टॉमहॉकमध्ये कोपरावर ताण जास्त येतो. ज्यांचा फोरहँड आधीच चांगला आहे त्यांना बहुतेक उलटं वाटेल.

जवळच्या शॉटसाठी, समजा समोर दाट झुडूप आहे आणि बास्केट त्याच्या पलीकडे शंभर फुटांवर, फायरबर्डपेक्षा झोन ही डिस्क बरी. आकडे 4, 3, 0, 3. कमी वेगाची, सपाट, पडल्यावर फार घरंगळत नाही. गेटरही त्याच कामाची. याच डिस्क ग्रेनेड नावाच्या थ्रोलाही वापरता येतात, म्हणजे डिस्क उलटी धरून बॅकहँडच्या पकडीने जवळजवळ सरळ वर टाकायची आणि ती धपकन खाली येऊन जागच्या जागी थांबते. उतारावरच्या बास्केटला हा शॉट फार उपयोगी आहे, पण आधी थंबर पक्का करा.

आणि नवी डिस्क घेण्याआधी एक तपासणी. मोकळ्या मैदानात, वारा नसताना, धाव न घेता आहे तीच डिस्ट्रॉयर पाच वेळा टाका आणि मोबाइलवर पाठीमागून चित्रण करा. सुटताना डिस्क किती उभी आहे ते बघा. तिची वरची बाजू आधीच जमिनीकडे झुकलेली दिसली तर कलंडायचं निम्मं काम हातातच झालेलं असतं, आणि मग फायरबर्डही थोडीच उशिरा पडेल. मनगट सरळ ठेवून कड उभी सोडली की बहुतेकांना लगेच फरक दिसतो. उंचीही बघा. फार उंच टाकलेल्या डिस्कला पूर्ण वळायला वेळ मिळतो, बेताच्या उंचीची डिस्क उलटी असतानाच जमिनीला लागते आणि सरळ रेषेत राहते. फांद्यांखालून किंवा अरुंद फटीतून जायचं असेल तर ही दुसरी रेषा हवी.

खांद्याचं मनापासून सांगतो. पहिल्या वर्षी मी गार अंगाने, आल्या आल्या पूर्ण जोराचा थंबर टाकायचो. एका सकाळी खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं झालं, मी तसाच अठरा होल खेळलो आणि पुढचे तीन महिने हात डोक्याच्या वर नेता आला नाही. तेव्हापासून आधी दहा मिनिटं खांदे फिरवणं, मग निम्म्या जोराचे पाच-सहा थ्रो आणि मगच पूर्ण जोर. पूर्ण जोराचे ओव्हरहेड दिवसाला वीस-पंचवीसच्या वर नेत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा.

पैशाला परवडत असेल तर एकाच वजनाच्या, एकाच प्लास्टिकच्या दोन फायरबर्ड घ्या. एक रोजची, एक पिशवीत जपून ठेवलेली. रोजची घासून घासून लवकर कलंडायला लागली की टाकून देऊ नका. झाड ओलांडलं की लगेच खाली उतरायचं असतं अशा शॉटला तीच उपयोगी पडते, आणि तेव्हा जपलेली बाहेर काढून लांबच्या रेषेला लावा.