वाचकांचे प्रश्न : मिलेच्या त्या तिघी

प्रश्न : आमच्या वाचनालयात फ्रेंच चित्रकार मिलेच्या 'ग्लीनर्स' (म्हणजे सरवा वेचणाऱ्या) या चित्राची प्रत लावली आहे. शेतात तीन बायका वाकलेल्या दिसतात. माझी आजी ज्वारीची सुगी झाली की सरवा वेचायला जायची, तेच का हे? आणि एवढ्या साध्या चित्रावर तेव्हा टीका का झाली?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : होय, तेच. पीक कापून, पेंढ्या उचलून झाल्या की रानात राहिलेल्या गव्हाच्या ओंब्या वेचायची मुभा फ्रान्समध्येही गोरगरिबांना होती. पण दिवस मावळायच्या आत रान सोडावं लागे.

टीकेचं कारण चित्रातच आहे, फक्त ते मागे आहे. डोकी झाकलेल्या तिघींच्या खांद्यांवरून पलीकडे बघा. डोंगराएवढ्या गंजी, भरत आलेली गाडी, राबणारी माणसं; आणि उजवीकडे दूर, घोड्यावर बसून देखरेख करणारा मुकादम. छोट्या छपाईत तो हरवतो, म्हणून चित्र मोठं करून त्याला नक्की शोधा. मागे सुगीची सगळी रास उन्हात झळकतेय आणि या तिघींच्या वाट्याला आलंय ते मुठीत मावेल एवढंच. डावीकडच्या बाईने वेचलेलं पाठीशी धरलंय, दुसरा हात जमिनीला टेकायला आलाय. कमरेचं दुखणं मिलेने ज्या बारकाईने रंगवलंय, ते मला फार थोड्या चित्रांत सापडतं. तिसरी अर्धवट सरळ झालीय, तरी तिघींची शरीरं जवळपास क्षितिजाच्या खालीच राहतात.

चित्र १८५७च्या पॅरिसच्या सालोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात लागलं, तेव्हा राजाला गादीवरून हटवणारी १८४८ची क्रांती लोक विसरले नव्हते. ज्या मोठेपणाने देवदेवता रंगवायच्या, तो मान भूमिहीन बायकांना दिलेला बघून अनेकांना ती धमकी वाटली. माझ्या मते तो निव्वळ आदर होता. मिले नॉर्मंडीतल्या ग्र्यूशी गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणी त्याने स्वतः शेतात काम केलेलं. १८४९पासून तो पॅरिसजवळच्या बार्बिझाँ गावातच राहिला. कष्ट कुठे साठतात, हे त्याला ठाऊक होतं. मूळ चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

प्रश्न : मिलेने निव्वळ निसर्गचित्रंही काढली का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काढली, विशेषतः शेवटच्या वर्षांत. 'वसंत' (१८६८–७३) शोधून बघा. पाऊस नुकताच ओसरलाय, काळ्या ढगांवर इंद्रधनुष्य, खाली परसातली वाट आणि मोहरलेली फळझाडं. माणूस आहे, पण झाडाखाली इवलासा. चित्रसंग्राहक फ्रेडरिक हार्टमान यांनी चार ऋतूंची चित्रं मागितली होती, त्यांतलं हे एक. हेही ओर्सेमध्येच आहे. मिलेला फक्त कष्टांचा चित्रकार समजणाऱ्यांनी आधी हे बघावं, असं मी आग्रहाने सांगेन.