दहावीला ७१ टक्के, अकरावीच्या फिजिक्सला २५ पैकी ४

ताई,

मुलगी मुंबईतल्या महापालिकेच्या मराठी शाळेतून ७१ टक्क्यांनी दहावी झाली, अकरावी सायन्सच्या पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये चारच गुण पडले आणि आता ती कॉलेज सोडायचं म्हणते, असं तुम्ही लिहिलंत. तिला कॉलेज सोडू देऊ नका.

आधी दहावीची गुणपत्रिका काढा. टक्केवारी सर्वांत चांगल्या पाच विषयांची असते आणि त्यात शाळेने दिलेले अंतर्गत गुणही मिळवलेले असतात. भाषांनी टक्के वर नेले आणि गणित पन्नाशीत राहिलं, असं पुष्कळदा दिसतं. तिच्या बाबतीतही तसं असेल तर दुखणं तिथे आहे. भूमितीच्या पुस्तकात त्रिकोणमिती शेवटून दुसरी, म्हणून ती वर्षअखेर घाईत उरकली जाते. अकरावी फिजिक्सच्या दुसऱ्याच प्रकरणात मात्र सदिश (व्हेक्टर, म्हणजे दिशा असलेल्या राशी) आणि कॅल्क्युलस येतं. त्रिकोणमितीतलं साइन-कॉस पक्कं नसेल तर सदिशाचे घटक पाडता येत नाहीत आणि पुढची गतीची प्रकरणंही अडतात. पालक सगळा दोष इंग्रजीला देऊन स्पोकन इंग्लिशची फी भरतात. त्याने ही गणितं सुटत नाहीत.

सहा आठवडे रोज एक तास काढा. त्यातली चाळीस मिनिटं नववी-दहावीचं गणित: घातांक, समीकरणं, आलेख आणि सर्वांत जास्त वेळ त्रिकोणमिती. उरलेली वीस मिनिटं दहावी विज्ञान भाग १ ची मराठी आणि इंग्रजी पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची. सुरुवात गुरुत्वाकर्षणापासून करा. तो धडा तिला मराठीत येतो, त्यामुळे इंग्रजी शब्द आपोआप बसतात. दोन्ही पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत आहेत. अकरावीच्या पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः करायचं. नोट्स उतरवून पाठ करणं पूर्ण बंद.

सहामाहीलाही पस्तीस टक्के गाठता आले नाहीत आणि तिलाच हा विषय नको असेल, तर पुढच्या वर्षी दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकचा अर्ज भरा. डिप्लोमा तीन वर्षांचा. नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण नवा प्रवेश पक्का झाल्याशिवाय अकरावीतून नाव काढू नका. एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा कॉलेजात पाठवणं फार जड जातं.

धाकटा सातवीत आहे, तर त्याच्या शाळेत नववीचा वर्ग आहे का, हे आत्ताच विचारा. महापालिकेच्या अनेक शाळा त्याआधीच संपतात. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि सातवीला त्याला ५५ टक्के पडले, तर आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फॉर्म शाळेमार्फतच भरला जातो, म्हणून मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.