विरळणीत राखीव झाडांची साल का सोलली जाते?

प्रश्न : टास्मानियात निलगिरीच्या नव्याने वाढलेल्या जंगलात विरळणीसाठी (म्हणजे उरलेल्या झाडांना जागा मिळावी म्हणून मधली काही झाडं काढण्यासाठी) हार्वेस्टर (झाड तोडणारं यंत्र) आणि फॉरवर्डर (ओंडके लादून नेणारं यंत्र) चालवणाऱ्या टोळीवर माझी देखरेख असते. राखलेल्या झाडांची साल फार सोलली जाते. काय करावं?

उत्तर : आधी महिना पाहा. तिथल्या वसंतात, म्हणजे सप्टेंबरपासून, झाड जोमात वाढतं आणि साल लाकडावर घट्ट बसत नाही. हलका धक्काही पुरतो. जखमेतून बुरशी शिरते आणि खालचा, सगळ्यात मोलाचा ओंडकाच कुजतो. त्यामुळे दाट, सरळ झाडांचे पट्टे शक्यतो हिवाळ्यासाठी ठेवा.

बहुतेक जखमा यंत्रांच्या वाटेच्या वळणावर होतात, कारण लादलेल्या फॉरवर्डरची मागची बाजू आत घसटते. वळणाच्या आतल्या अंगाला एखादं वाकडं झाड धक्का झेलायला ठेवा, ते शेवटी तोडा. फांद्या-शेंडे वाटेवरच अंथरायला सांगा, मुळं वाचतात.

किती झाडं राखली गेली याच्या मोजणीसाठी ११.२८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या (०.०४ हेक्टर). झाडांची संख्या गुणिले २५ म्हणजे हेक्टरी झाडं. हेक्टरी २५० राखायची तर वर्तुळात १० हवीत. वाटा टाळून फक्त मधल्या पट्ट्यात मोजलंत तर आकडा फुगतो. मोजणी रोज करा. पट्टा संपल्यावर चूक कळून उपयोग नाही.