खेळ एका दुकानातला, नकाशा दुसऱ्या दुकानातला

ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. मे 2024 मध्ये एपिक या खेळांच्या ऑनलाइन दुकानाने 'फार्मिंग सिम्युलेटर 22' हा शेतीचा कॉम्प्युटर खेळ आठवडाभर फुकट दिला होता, तेव्हा मुलाने तो घेतला. मग दिवाळीत भाच्याच्या कॉम्प्युटरवर त्याने सिल्व्हररन फॉरेस्ट नकाशातलं जंगल आणि व्होल्वोची यंत्रं पाहिली, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. भाच्याचा खेळ स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातला आहे. तुम्ही एका साइटवरून, हे जंगल आणि ही यंत्रं ज्यात येतात त्या 'प्लॅटिनम एक्सपान्शन'ची की, म्हणजे खात्यात भरायचा कोड, स्वस्तात घेतली, एपिकमध्ये टाकली आणि एपिकने ती नाकारली. आता की खोटी निघाली का, आणि भाच्याकडची फाइल पेन ड्राइव्हवर आणली तर चालेल का, असं तुम्ही विचारताय.

की बहुतेक खरीच असणार. ती एकदा नीट बघा. पाच-पाच अक्षरांचे तीनच गट असतील तर ती स्टीमची आहे; एपिकच्या कोडमध्ये असे चार गट असतात. पावतीवर किंवा त्या साइटच्या पानावर कुठेतरी बारीक अक्षरात 'स्टीम' लिहिलेलंही सापडेल. आणि एक करा, ती की आता स्टीममध्ये टाकून बघू नका. न वापरलेली की परत घेणारा विक्रेता निदान शोधता तरी येतो, एकदा खात्यात भरलेली की कुणीच परत घेत नाही.

आता हे असं का. हा खेळ स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा. पीसीवर तो एकाच वाटेने येत नाही. जायंट्सच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून येतो, डबा घेतला तर त्यातही जायंट्सचीच की असते, शिवाय स्टीम आहे, एपिक आहे. ट्रॅक्टर तेच, शेतं तीच, पण वरून घेतलेल्या डीएलसीचा, म्हणजे मूळ खेळाला जोडायच्या वेगळ्या भागाचा, परवाना ज्याच्या त्याच्या दुकानापुरता. खेळ सुरू होताना ज्या दुकानातून आला त्यालाच विचारतो की या खात्यावर काय काय घेतलंय. एपिकच्या प्रतीला स्टीमच्या खात्यात डोकावता येत नाही, तिला तिकडचा पत्ताच ठाऊक नाही. एका कारखान्याची तोडीची चिठ्ठी घेऊन दुसऱ्या कारखान्याच्या काट्यावर गाडी उभी केली तर काय होईल, तसंच हे. ऊस खरा, चिठ्ठीही खरी, वजन मात्र होणार नाही. जायंट्स आपल्या दुकानात डीएलसीच्या पानावर हे सांगतेही, पण ती ओळ आपण पैसे भरल्यावर वाचतो.

मी हे स्वतःच्या खिशातून शिकलोय. 'फार्मिंग सिम्युलेटर 17'चा डबा मी पुण्यातल्या एका दुकानातून आणला होता. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याचं प्लॅटिनम एक्सपान्शन आलं, त्यात एस्तान्सिया लापाचो हा दक्षिण अमेरिकेतला नकाशा होता आणि पहिल्यांदाच ऊस होता. आमच्याकडे तीन पिढ्या ऊस, त्यामुळे मला धीर कुठला. एका ऑनलाइन दुकानात सेल दिसला, तिथे घेऊन टाकलं. मूळ खेळ याच दुकानातला लागेल, असं पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि 'खेळ आहे की आपल्याकडे' म्हणत पुढे गेलो. घोडा एका गावात, खोगीर दुसऱ्या गावात. शेवटी सहा महिन्यांनी मूळ खेळ पुन्हा त्या दुकानातून घेतला आणि मगच ऊस लावला. एकदा लावून तोडला की पुन्हा लावावा लागत नाही, आपोआप फुटतो, म्हणजे परदेशी पोरांनी खोडवासुद्धा बरोबर धरला होता. पाचट जाळायची सोय तेवढी नव्हती.

असो. पेन ड्राइव्हचं. ते करू नका, होणार नाही. डीएलसीची फाइल डोळ्यांना दिसते, उचलताही येते. स्टीममध्ये ती खेळाच्या स्वतःच्या फोल्डरात 'पीडीएलसी' नावाच्या उपफोल्डरात असते. जायंट्सच्या प्रतीत हाच फोल्डर डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स'च्या खाली, 'फार्मिंगसिम्युलेटर2022'मध्ये सापडतो. पण ती फाइल कुलूपबंद असते, आणि किल्ली म्हणजे भाच्याच्या खात्यावरची खरेदी. नुसतं कुलूप घरी आणून काय करणार? शिवाय ती चोरीच आहे, आणि मुलगा बघत असताना आपण ती करू नये असं माझं मत. मॉडची, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या भरीची, गोष्ट वेगळी. मॉडहब या जायंट्सच्या संग्रहातले मॉड फुकट असतात आणि पीसीवर एपिक असो वा स्टीम, सारखेच चालतात. या दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून लोक सांगतात, 'अहो, मी तर मित्राकडून कॉपी केलं आणि चाललं'. त्यांनी मॉड कॉपी केलेला असतो.

आता तुम्ही एपिकवर खरेदी कराल तेव्हाची काळजी. 'प्लॅटिनम एडिशन' आणि 'प्लॅटिनम एक्सपान्शन' ही दोन वेगळी नावं आहेत. एडिशन म्हणजे मूळ खेळ आणि एक्सपान्शन एकत्र. तुमच्याकडे खेळ आहे, तेव्हा तुम्हाला नुसतं एक्सपान्शन हवं. 15 नोव्हेंबर 2022 ला आलं ते. 'इयर 1 सीझन पास' नावाचा एक गठ्ठाही आहे, त्यात प्लॅटिनम एक्सपान्शन येतं. बाकीच्या कंपन्यांची यंत्रंही मुलाला हवी असतील तर दोन्हींची किंमत शेजारी ठेवून बघा. 'प्रीमियम एक्सपान्शन' हे तिसरंच, नोव्हेंबर 2023 चं. त्यात झिएलोंका नावाचा नकाशा आणि गाजर-बीटसारखी कंदमुळं आहेत. सिल्व्हररन त्यात नाही. नावं ठेवणाऱ्याने आपल्यासारख्यांचा जराही विचार केलेला नाही.

आणि हे सगळं बरोबर करूनही 'नकाशा दिसत नाही' म्हणणारे मी कितीतरी पाहिलेत. त्यातल्या निम्म्यांचं कारण एकच: ते जुनीच शेती उघडून त्यात जंगल शोधत बसतात. नकाशा हा नवीन करिअर सुरू करताना निवडायचा असतो. आत्ता तुमच्याकडे एल्मक्रीक, ओ-बेलेरॉन आणि एर्लेनग्राट हे तीन दिसतात, तिथेच चौथा सिल्व्हररन फॉरेस्ट दिसायला हवा. मुलाच्या एल्मक्रीकवरच्या शेतीत तो कधीच उगवणार नाही. एक्सपान्शनमधली यंत्रं मात्र जुन्या शेतीतही घेता येतात, पण त्यासाठी शेती उघडताना मॉड आणि डीएलसी निवडायची जी यादी समोर येते, तिच्यात त्यावर खूण असावी लागते. घाईत पुढे-पुढे दाबणारी पोरं ती यादी बघतच नाहीत. आमच्या पुतण्याने एक अख्खा रविवार 'दुकानात व्होल्वो नाही' म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, शेवटी एका टिचकीवर मिटलं.

खूण आहे, नवीन करिअर आहे, तरी नाही? मग दुकानाच्या लाँचरमध्ये, म्हणजे जिथून खेळ सुरू करता त्या प्रोग्राममध्ये, बघा. एपिकमध्ये लायब्ररीत खेळाच्या चित्राशेजारची तीन टिंबं दाबून ॲड-ऑन उतरलंय का ते तपासा. स्टीमवाल्यांनी खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएलसीचा भाग उघडावा, तिथे समोरची चौकट रिकामी असू शकते. खरेदी झाली म्हणजे डाउनलोड झालंच असं नसतं, आणि आपल्याकडे नेट मध्येच जातं.

शेवटचा न्यायनिवाडा लॉग फाइलचा. वर सांगितलेल्या 'फार्मिंगसिम्युलेटर2022' फोल्डरात 'लॉग' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते, खेळ प्रत्येक वेळी सुरू झाला की ती नव्याने लिहिली जाते. खेळ मुख्य मेनूपर्यंत नेऊन बंद करा, मग ती नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीच्या भागात 'अव्हेलेबल डीएलसी' अशा इंग्रजी ओळी दिसतील, ज्या ज्या डीएलसीची परवानगी खेळाला मिळाली तिच्यासाठी एक ओळ. तुमची ओळ तिथे असेल तर दुकानाचं काम झालेलं आहे, दोष खेळातल्या निवडीत शोधा. ओळ नसेल तर खेळात कितीही शोधलंत तरी व्यर्थ, दुकानाकडेच जावं लागेल. कुणाला मदत मागाल तेव्हा ही फाइल जोडा. 'चालत नाहीये, प्लीज हेल्प' याला उत्तर देणं आम्हालाही जमत नाही.

एक प्रकार असाही असतो की वस्तू कुठल्याच दुकानात नसते आणि माणूस शोधत राहतो. प्रिसिजन फार्मिंगचं उदाहरण घ्या. मातीचं परीक्षण, कुठे किती खत टाकायचं याचा हिशेब, असं छान प्रकरण आहे, अधिकृत आहे आणि फुकट आहे. लोक ते एपिकच्या आणि स्टीमच्या पानांवर शोधतात आणि 'आमच्या दुकानातून काढून टाकलं' म्हणतात. ते खेळातल्या मॉडहबमध्ये आहे, सगळ्यांसाठी. मुलाला आजच घेऊन द्या, एक पैसा लागत नाही. खर्चाचा मेळ घालणं त्याला कळेल ते वेगळंच.

दुसऱ्या खेळांत हा घोळ नसतो असं नाही, फक्त त्याची तऱ्हा वेगळी. 'सिटीज स्कायलाइन्स' हा शहर वसवायचा खेळ एपिकने 17 डिसेंबर 2020 ला एक दिवस फुकट वाटला, तेव्हा कित्येकांनी तो घेतला आणि मग यूट्यूबवर दिसणारे पूल आणि इमारती शोधायला लागले. त्या स्टीमच्या वर्कशॉपमधल्या, म्हणजे खेळणाऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंच्या संग्रहातल्या, होत्या, आणि वर्कशॉप हे स्टीमचं स्वतःचं अंगण. उलट 'युरो ट्रक सिम्युलेटर 2'च्या डब्यातली की स्टीममध्ये भरता येते, त्यामुळे त्या बाजूला सगळे एकाच छपराखाली येतात आणि भांडणं कमी. माझ्या मते तीच रीत बरी, पण जायंट्सने ती धरली नाही.

तुम्ही काय करावं, तर आधी त्या विक्रेत्याला लिहा. की वापरलेली नाही हे ठळकपणे सांगा आणि पैसे मागा. स्टीम तुम्हाला पैसे देणार नाही. 14 दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर परत, हा स्टीमचा नियम त्यांच्याकडून घेतलेल्या वस्तूंना लागू आहे, बाहेरच्या कींना नाही. विक्रेत्याने हात वर केले तर दोन वाटा उरतात. एपिकवर एक्सपान्शन पुन्हा घ्यायचं, किंवा की वाया जाऊ नये म्हणून स्टीमवर मूळ खेळ घ्यायचा. मुलाला फक्त जंगल हवं असेल तर एपिक. भाच्यासारखी पुढेही एकेक डीएलसी घेत जाणार असेल, तर स्टीमचा मूळ खेळ सेलमध्ये येईपर्यंत थांबा आणि तो घेऊन ही की त्यात भरा. त्याची आत्ताची शेती जाईल ही भीती नको, दोन्ही प्रती जतन केलेले खेळ त्याच 'माय गेम्स'च्या फोल्डरातून उचलतात. तरी हलवाहलवीच्या आधी 'सेव्हगेम' नावाचे फोल्डर कुठेतरी कॉपी करून ठेवाच.

कारण एक धोका आहे. ज्या शेतीत डीएलसीची यंत्रं घेतली आहेत ती शेती डीएलसीशिवाय उघडली, तर खेळ इशारा देतो आणि त्या यंत्रांशिवाय पुढे जातो. तिथे जतन केलं की यंत्रं गेली. चुकून झालंच तर त्याच फोल्डरात 'सेव्हगेमबॅकअप' असतो, तिकडे आधीची प्रत मिळू शकते.

पैसे घालण्याआधी एवढंही मनात धरा: 12 नोव्हेंबर 2024 ला 'फार्मिंग सिम्युलेटर 25' आलाय, आणि 22 साठी घेतलेलं काहीही 25 मध्ये चालत नाही. त्यात भातशेती आहे. मुलगा सहा महिन्यांनी तो मागणारच असेल तर 22 वर फार खर्च करू नका. 25 घ्याल तेव्हा भाच्याचा कुठल्या दुकानातला आहे ते आधी विचारा आणि तिथूनच घ्या.

विक्रेता काय म्हणाला ते कळवा. लॉगमधल्या त्या ओळी इथे टाकल्यात तर बघून सांगतो.