म्हातारीच्या हातातील कंदील

अनेक आशीर्वाद.

तुझ्या गेमचा आराखडा दोनदा वाचला; एकदा सलग आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. ४२ पानांपैकी ३० पाने पात्रपरिचयाची आहेत. प्रत्येक नावाखाली तू एक चौकट आखून तीत त्या पात्राचा साचा लिहिला आहेस: नायिका, गुरू, सोबती, उंबरठ्यावरचा रखवालदार, बहुरूपी, छाया (म्हणजे नायिकेला विरोध करणारी काळी बाजू). म्हातारीच्या नावाखालची चौकट मात्र दोनदा खोडलेली आहे. तिथे आधी ‘गुरू’ होते, मग ‘छाया’ आले, आणि आता नुसते प्रश्नचिन्ह उरले आहे. ती नेमकी कोण हे ठरल्याशिवाय पुढचे प्रवेश लिहिता येत नाहीत, असे तू कळवतेस आणि ते ठरवायचे कसे, असे मला विचारतेस.

ते ठरवूच नकोस. साऱ्या आराखड्यात खऱ्या अर्थाने जिवंत झालेले ते एकच पात्र आहे, आणि म्हणूनच ते चौकटीत मावत नाही.

साचा हे कामाचे नाव असते, माणसाचे नसते. ही गोष्ट या पत्रात मी पुन्हापुन्हा सांगणार आहे, कारण ती कळायला मला पंधरा वर्षे लागली. लोककथांचे रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली शंभर रशियन परीकथा उलगडून पाहिल्या, तेव्हा त्यांच्या हाती लागले ते हेच. एका कथेत राजा नायकाला गरुड देतो आणि गरुड त्याला दुसऱ्या राज्यात नेतो. दुसरीत एक म्हातारा घोडा देतो, तिसरीत मांत्रिक होडी देतो, चौथीत राजकन्या अंगठी देते. देणारा बदलला, दिलेली वस्तू बदलली. देणे आणि नेणे तेवढे कायम राहिले. त्यांनी अशा ३१ कृती मोजल्या आणि त्या करणाऱ्यांची फक्त ७ कार्यक्षेत्रे मांडली. तुझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते याच्या पुढचे आहे: एकच पात्र अनेक क्षेत्रांत वावरू शकते आणि एकच क्षेत्र अनेक पात्रांत विभागले जाऊ शकते, हे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. साच्यांच्या अभ्यासात ही मोकळीक तेव्हापासूनच आहे. याद्या करताना ती सहज गळून जाते.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. नाट्यशास्त्रातील अष्टनायिका आठव. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, अभिसारिका, विप्रलब्धा, खंडिता, कलहांतरिता ही नावे आपण स्वभावांची म्हणून पाठ करतो. वास्तविक त्या अवस्था आहेत. प्रियकर येणार म्हणून सजून बसलेली स्त्री वासकसज्जा. तो येईना म्हणून व्याकूळ झालेली तीच स्त्री विरहोत्कंठिता. पहाटे तो परस्त्रीच्या खुणा अंगावर घेऊन आला की तीच खंडिता. आणि भांडून त्याला घालवून दिल्यावर पश्चात्तापाने पोळणारी तीच कलहांतरिता. एका रात्रीत एक बाई चार नावांमधून जाते. तिला चौकटीत बसवून ‘ही खंडिता’ असे लिहिले, तर उरलेली रात्र तिच्याकडून हिरावून घेतल्यासारखे होईल.

आता मी काय केले ते सांगतो, म्हणजे हा आग्रह कुठून आला ते तुला कळेल. उमेदीच्या काळात एका गेमसाठी मी एक वृद्ध शस्त्रगुरू लिहिला. त्याचे बालपण, त्याची गमावलेली मुले, त्याचा डावा डोळा कसा गेला, सगळे लिहिले. तिसऱ्या भागात त्याला मारले, कारण मी मांडलेल्या साच्यात गुरू मरायचाच असतो. त्या मृत्यूसाठी चार मिनिटांचा कटसीन, म्हणजे खेळाडूने नुसता पाहायचा प्रवेश, होता, आणि त्यावर आम्ही तीन महिने घालवले. टेस्टिंगच्या दिवशी मी एका खेळाडूच्या मागे उभा होतो. कटसीन संपला, त्याने बॅग उघडून बाण मोजले आणि तो पुढे चालू लागला. नंतर मी त्याला गुरूविषयी विचारले, तेव्हा त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारले, ‘तो कोणता?’

त्याच खेळाडूने एका नावाड्याविषयी मात्र आपणहून विचारले. त्या नावाड्याला नाव नव्हते आणि संवाद दोनच होते. होडी रिकामी सुटू नये, एवढ्याच तांत्रिक कारणासाठी आमच्या प्रोग्रामरने त्याला खेळाडू चढेपर्यंत दोर धरून थांबायला लावले होते. मागून बाण येत, त्यातला एखादा त्याच्या खांद्यात घुसे, तरी तो दोर सोडत नसे. तो खेळाडू तीरावर उतरल्यावर मागे वळून उभा राहिला होता आणि होडी दिसेनाशी होईपर्यंत त्याने कंट्रोलरला हात लावला नव्हता. माझ्या गुरूने खेळाडूसाठी काहीच केले नव्हते; तो फक्त बोलला होता. नावाडी थांबला होता.

पुढच्या प्रकल्पात आधी पात्रांचे साचे ठरवायचे आणि मग लेव्हल आखायच्या, असा हुकूम आला, तेव्हा मी भांडलो. भांडण विकोपाला गेले आणि मी काम सोडले. मी आडमुठा आहे असे तेव्हा म्हटले गेले, आणि त्या दिवसांत दोन जिवाभावाचे सहकारी दुरावले ते कायमचेच. मुद्दा माझा बरोबर होता, असे मला आजही वाटते. मात्र माझ्या भरवशावर तिथे आलेल्या एका नवख्या मुलीला मी त्या साच्यांच्या तक्त्यांच्या हवाली करून निघून गेलो, ते बरोबर नव्हते. तुझ्या चौकटी पाहिल्यावर मला तिची आठवण झाली, आणि म्हणूनच हे पत्र इतके लांबते आहे.

तू म्हणशील की साच्यामुळे ओळख पटते. पटते, आणि गेममध्ये ती लवकर पटावी लागते. लांबून आकृती दिसताच जवळ जायचे की पळायचे, हे खेळाडूला उमगले पाहिजे. तेवढ्यापुरता साचा वेशभूषेसाठी, चालीसाठी, आवाजासाठी अवश्य वापर. प्रवेश लिहायला बसलीस की तो बाजूला ठेव आणि एवढेच विचार: हे पात्र या क्षणी कोणाचे कोणते काम करते, आणि त्या वेळी खेळाडूचा हात काय करतो?

हाताचा प्रश्न कादंबरीकाराला पडत नाही, तुला पडलाच पाहिजे. २००१ साली आलेल्या ‘इको’ या गेममध्ये शिंगे असलेला मुलगा एका मुलीला किल्ल्यातून बाहेर काढतो. दोघांची भाषा वेगळी, त्यामुळे एकमेकांचे बोलणे कळत नाही. तिचा हात धरायचा तर बटण दाबून ठेवावे लागते. बोट उचलले की हात सुटतो. रक्षक आणि रक्षित हे जगातले सर्वांत झिजलेले साचे असतील, पण तिथे ते काम तुझ्या बोटाला करावे लागते आणि बोट दुखू लागले तरी सोडवत नाही. २०१३ सालच्या ‘ब्रदर्स’ या गेममध्ये कंट्रोलरची डावी बाजू थोरल्या भावाची आणि उजवी धाकट्याची. धाकटा पाण्याला भितो, म्हणून पोहताना थोरल्याच्या पाठीला धरून राहतो. थोरला गेल्यावर धाकट्याला एकट्याने पाण्यात उतरावे लागते, आणि तिथे थोरल्याचे डावे बटण दाबल्याखेरीज तो पोहत नाही. मेलेल्या भावाचे काम शिल्लक होते, आणि ते खेळाडूच्या डाव्या हाताला माहीत होते. पात्र संपते, काम उरते. याहून नेमकेपणाने मला ते सांगता येणार नाही.

तीन अंकांच्या रचनेवर तू जे लिहिले आहेस ते ठीक आहे. त्यात वेळ घालवू नकोस.

आता तुझी म्हातारी. सतराव्या पानावर, तुझी नायिका असलेली मुलगी भावाविषयी विचारते तेव्हा म्हातारी कंदिलावर हात धरते, असे एक वाक्य आहे. एकच. ते तू इतक्या घाईने उरकले आहेस की, पहिल्या वाचनात ते माझ्याही नजरेतून निसटले. तुझ्या गेमचा नियम असा की उजेड पोहोचेल तेवढेच खेळाडूला चालता येते. मग म्हातारीने कंदील झाकला त्या क्षणी खेळाडूचे पाय थांबले. त्याने बटण दाबले तरी मुलगी हलत नाही, आणि का हलत नाही ते कोणी सांगत नाही. पहिल्या भागात उजेड देणारा हात तिचाच होता, तेव्हा ती दात्याचे काम करत होती. इथे तोच हात अडवणुकीचे काम करतो. या दोन कामांच्या मधे तिच्या मनात काय घडले, ते शोधणे हेच तुझे लेखन आहे. ती गुरू आहे की छाया, हा प्रश्न त्या शोधाला टाळण्याची पळवाट होता. तू आळशी नाहीस हे मला ठाऊक आहे. तुला त्या म्हातारीची भीती वाटली असावी. वाटू दे.

आणि शेवटी कंदील मुलीच्या हाती येतो, असे तू लिहिले आहेस. याचा अर्थ कंदील झाकण्याचे बटण आता खेळाडूच्या अंगठ्याखाली आहे. मागून येणाऱ्या एखाद्या लहान मुलाने तिला तसाच, ज्याचे उत्तर देववत नाही असा प्रश्न विचारला, तर? हा प्रवेश तुझ्या ४२ पानांत कुठेच नाही. तो आधी लिही आणि मला पाठव. पात्रपरिचय जोडू नकोस.

तुझा,
जुना शिक्षक